सिंधुबंदी ते व्हिसा : परदेशवासाच्या परवानगीचा इतिहास

परदेशगमन ही आता आपल्या ज्ञातीत अपूर्वाईची गोष्ट उरलेली नाही. मंडळाच्या स्नेहसंमेलनात भेटणाऱ्या कितीतरी कुटुंबांतील मुलगा, मुलगी, सून किंवा जावई आज समुद्रापलीकडे आहे. त्यामुळे ‘व्हिसा झाला का?’ हा प्रश्न कुशलप्रश्नाइतक्याच सहजतेने विचारला जातो. झाला म्हणताच पेढे वाटले जातात. नाकारला म्हणताच घरावर सुतकी कळा येते आणि चार लोकांत मान खाली घालण्याची पाळी येते. हा मान आणि ही मानहानी कितपत खरी, याचा विचार करण्यास इतिहासाचे साहाय्य होईल असे वाटल्यावरून प्रस्तुत लेख ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

प्रथम दोन शब्दांतील भेद स्पष्ट करणे इष्ट होईल. पारपत्र आपले सरकार देते. आपण कोण व कोणत्या देशाचे नागरिक, हे त्यावरून परक्यास कळते. व्हिसा देते ते आपण ज्या देशी जाणार त्या देशाचे सरकार. थोड्या मुदतीचा व्हिसा हा पाहुण्यास दिलेला असतो. शिक्षण, नोकरी, विवाह अथवा कुटुंबीयांचा सहवास यांसाठी मिळणारा दीर्घ मुदतीचा व्हिसा म्हणजे बिऱ्हाड थाटण्याची परवानगी होय. परंतु बिऱ्हाडकरू तो बिऱ्हाडकरूच. घरमालकाच्या अटी त्यास पाळाव्या लागतात, आणि त्या अटी घरमालक मध्येच बदलू शकतो. पुढील सारा इतिहास या एका वाक्याचाच विस्तार आहे.

ज्ञातीची परवानगी

आज ऐकून नवल वाटेल, पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायतेस किंवा अमेरिकेस जाणाऱ्या हिंदी माणसाला तेथील बंदरावर व्हिसा विचारणारा अधिकारी नव्हता. चिनी मजुरांवर अमेरिकेने १८८२ सालीच बंदी घातली होती हे खरे. परंतु हिंदी प्रवाशास तशी आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती घरची. समुद्रोल्लंघन केल्याने धर्म बुडतो अशी समजूत असल्यामुळे जाण्याची परवानगी मागावयाची ती स्वतःच्या ज्ञातीकडे.

आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्यांच्यावर टीकेची एवढी झोड उठली की, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयात त्यांना जाहीर भाषण करून आपण का जात आहोत हे सांगावे लागले. आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही त्या सतरा वर्षांच्या मुलीने दिली. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फिया येथे एम. डी. झाल्या. परत येऊन काही महिने लोटतात न लोटतात तोच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले.

आनंदीबाईंच्या प्रस्थानानंतर पाचच वर्षांनी, ४ सप्टेंबर १८८८ रोजी, मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेस निघाले. तत्पूर्वी त्यांच्या ज्ञातीने सभा भरवून त्यांना वाळीत टाकले आणि जो कोणी त्यांना साहाय्य करील किंवा धक्क्यावर पोहोचवावयास जाईल त्यास सव्वा रुपया दंड ठरविला. परत आल्यावर नाशिक येथे गोदास्नान आणि राजकोट येथे ज्ञातिभोजन, असे सोपस्कार त्यांना करावे लागले.

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ही हकीगत मुद्दाम नमूद करीत आहे. परदेशवासाचा पहिला नकार परक्यांनी दिलेला नाही. तो आपल्यासारख्याच ज्ञातींनी आपल्याच मुलांना दिला. पुढे ही बंदी ढिली झाली, ती शास्त्रार्थाने जितकी झाली त्याहून अधिक परत आलेल्या माणसांच्या कर्तृत्वाने झाली.

गिरमिटाचा कागद

अर्थात समुद्र ओलांडणारे सगळेच बॅरिस्टर किंवा डॉक्टर नव्हते. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर करारपत्रावर नेले जाऊ लागले. ‘अॅग्रिमेंट’ या शब्दाचा अपभ्रंश होऊन त्या कराराला ‘गिरमिट’ हे नाव पडले. कलकत्ता व मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे जात आणि त्यांतून कोकणातील व देशावरील मराठी माणसे गेली. आज मॉरिशसमध्ये जो मराठी समाज गणेशोत्सव साजरा करतो तो या मजुरांचाच वंशविस्तार होय.

या मजुरांना राहण्याची परवानगी होती. किंबहुना परत जाण्याचीच अडचण होती. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरासही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. तो नसल्यास अटक होई. दीर्घकाळ वास्तव्याच्या परवान्यावर माणसाचे चित्र लावण्याची ही फार जुनी उदाहरणे आहेत, आणि ती गरिबांच्या वाट्याला आलेली आहेत. हिंदुस्थान सरकारने गिरमिटी मजूर पाठविणे १९१७ साली थांबविले. पण ते कागद नष्ट झाले नाहीत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ते जतन करून ठेवले आहेत, आणि आपला पणजोबा कोणत्या गावाहून आला हे शोधणारे मॉरिशसवासी आज तेच कागद उलगडतात. गुलामगिरीची खूण असलेला कागद नातवंडांना वंशावळीचा आधार झाला. कागद टाकू नये तो एवढ्यासाठी.

साम्राज्याची प्रजा आणि साम्राज्याचे दरवाजे

ब्रिटिश राणीची प्रजा या नात्याने साम्राज्यात कोठेही जाऊन राहण्याचा आपणास हक्क आहे, असा सुशिक्षित हिंदी लोकांचा समज होता. तो कॅनडाने खोटा ठरविला. १९०८ साली तेथील सरकारने नियम केला की, मायदेशाहून थेट, मध्ये जहाज न बदलता आलेल्यासच प्रवेश मिळेल. नियमात हिंदी लोकांचे नाव कोठेही नव्हते. मात्र हिंदुस्थानाहून कॅनडास थेट जहाजाचा प्रवास उपलब्ध नव्हता! शिवाय हिंदी माणसाजवळ दोनशे डॉलर असणे आवश्यक ठरविले. १९१४ च्या मे महिन्यात ‘कोमागाता मारू’ हे जहाज ३७६ प्रवाशांसह व्हँकुव्हर बंदरात आले. दोन महिने ते बंदरात उभे राहिले. पूर्वीपासून कॅनडात राहिलेले व आणखी काही थोडे लोक सोडल्यास कोणासही उतरू दिले नाही. २३ जुलै रोजी जहाज परत फिरले, आणि सप्टेंबरात कलकत्त्याजवळ बजबज येथे पोलिसांच्या गोळीबारात त्यातील अनेकजण प्राणास मुकले. या अन्यायाबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी तेथील संसदेत क्षमा मागितली ती १८ मे २०१६ रोजी, म्हणजे एकशे दोन वर्षांनी.

त्याच १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, आणि सरकारे सीमेवर कागद मागू लागली. युद्धकालापुरती म्हणून आलेली पारपत्रे युद्ध संपल्यावर गेली नाहीत. १९२० साली राष्ट्रसंघाच्या परिषदेत पारपत्राचा सर्वसाधारण नमुना ठरला, आणि हिंदुस्थानातही त्याच साली पारपत्राचा कायदा झाला. तो कायदा शंभराहून अधिक वर्षे टिकला. २०२५ साली नव्या कायद्याने त्याची जागा घेतली.

कागद हाती आला म्हणजे काम झाले असे नव्हे, याचा अनुभव लोकमान्य टिळकांनाही आला. १९१८ साली होमरूलच्या शिष्टमंडळासह ते विलायतेस निघाले. मंडळी कोलंबोपर्यंत पोहोचली, तोच लंडनच्या सरकारने त्यांची पारपत्रे रद्द केल्याचे कळले व सर्वांस परतावे लागले. त्याच वर्षी चिरोल साहेबावरील खटल्यासाठी मात्र लोकमान्यांस, राजकीय चळवळ न करण्याच्या अटीवर, जाऊ देण्यात आले. माणूस तोच, वर्ष तेच, देश तोच; एकदा नकार आणि एकदा होकार. लोकमान्यांची योग्यता मधल्या काही महिन्यांत कमी-अधिक झाली होती काय?

अमेरिकेचा उलटसुलट कायदा

अमेरिकेने १९१७ साली आशियाच्या बहुतेक भागातील लोकांस स्थायिक होण्यासाठी येण्याची बंदी केली. विद्यार्थी, शिक्षक, व्यापारी यांना तीतून सूट होती. परंतु शिकून तेथेच नागरिक होण्याचा मार्ग लवकरच बंद झाला. भगतसिंग थिंड या शीख गृहस्थाने पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केली होती. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नसल्यामुळे त्यास नागरिकत्व मिळू शकत नाही. या निर्णयाने पूर्वी नागरिक झालेल्या अनेकांचेही नागरिकत्व काढून घेण्यात आले. वैष्णोदास बगई हे त्यांपैकी एक. बायकामुलांसह तेथे जाऊन त्यांनी व्यापार उभारला होता. नागरिकत्व गेले, मालमत्तेचा हक्क गेला, आणि स्वदेशाच्या भेटीसाठी अमेरिकेचे पारपत्रही मिळेना. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली.

आणि थिंड? त्यांस १९३६ साली, माजी सैनिकांसाठी झालेल्या निराळ्या कायद्यानुसार, नागरिकत्व मिळाले. पुढे १९४६ साली हिंदी लोकांस नागरिक होण्याची मोकळीक झाली व वर्षास शंभर जणांस प्रवेश ठरला. एवढ्या मोठ्या देशाला शंभर! ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली तेव्हा वंश व देश पाहून ठरविलेले जुने प्रमाण मोडले. अमेरिकेस डॉक्टर, अभियंते व शास्त्रज्ञ हवे होते, आणि निग्रो बांधवांच्या समान हक्कांच्या लढ्याने वंशभेदाचे कायदे राखणे तेथील सरकारला लाजिरवाणे झाले होते. आपली मुले अमेरिकेत गेली ती या दारातून. ते दार त्या कृष्णवर्णीय बांधवांच्या लढ्यामुळेही उघडले, हे आपल्या तेथील मंडळींनी विसरू नये. १९८१ साली तेथे बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन होण्याइतका मराठी समाज पुढील सोळा वर्षांत उभा राहिला.

विलायतेचे मिटत गेलेले दार

विलायतेची कथा याच्या नेमकी उलट आहे. १९४८ च्या कायद्यानुसार राष्ट्रकुलातील नागरिकास तेथे जाऊन राहण्यास व नोकरी करण्यास व्हिसा लागत नसे. अडथळा असे तो पारपत्र मिळविण्याचा. १ जुलै १९६२ पासून हा मोकळेपणा संपला. नोकरीसाठी येणाऱ्यास सरकारी चिठ्ठी लागू लागली. तिचे तीन वर्ग केले : नोकरी आधीच ठरलेल्यांचा पहिला, डॉक्टर, परिचारिका, शिक्षक अशा विशेष कौशल्य असलेल्यांचा दुसरा, आणि इतर सर्वांचा तिसरा. १९६५ साली तिसरा वर्ग रद्द झाला व सर्व राष्ट्रकुलास मिळून वर्षाला ८,५०० चिठ्ठ्यांची मर्यादा पडली.

१९६८ साली केनियातील हिंदी लोक ब्रिटिश पारपत्र घेऊन विलायतेस येऊ लागले, तेव्हा संसदेने अवघ्या काही दिवसांत कायदा करून, ज्यांचा स्वतःचा, आईबापांचा किंवा आजी-आजोबांचा विलायतेशी जन्माचा अथवा तत्सम संबंध नाही अशांचा मोकळा प्रवेश बंद केला. पारपत्र त्यांचेच, पण दार बंद! १९७२ साली इदी अमीनने युगांडातील हिंदी लोकांस नव्वद दिवसांत देश सोडण्यास फर्माविले, तेव्हा मात्र त्याच विलायतेने सुमारे अठ्ठावीस हजार लोकांस आश्रय दिला, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. १ जानेवारी १९७३ पासून नवा कायदा लागू होऊन राष्ट्रकुलाचा जुना विशेष हक्क जवळजवळ संपला.

नियमांच्या अंमलबजावणीत माणुसकी सुटली म्हणजे काय होते याचे उदाहरण १९७९ चे आहे. विवाहासाठी लंडनच्या विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची, ती खरोखर अविवाहित आहे की नाही हे पाहण्याच्या नावाखाली, अत्यंत अपमानास्पद शारीरिक तपासणी करण्यात आली. वृत्तपत्रांनी हे उघडकीस आणल्यावर गदारोळ झाला व ती प्रथा बंद करावी लागली. पुढे १९९७ पर्यंत, विवाहाचा मुख्य हेतू विलायतेत राहणे हा नाही, असे वराने सिद्ध करावे लागे. नसलेला हेतू सिद्ध कसा करावयाचा?

प्रवेश मिळाला, पण स्वीकार?

परवानगी मिळाली तरी मान मिळतोच असे नाही. याचे उदाहरण आपल्या कोकणातील बेने इस्राएल बांधवांचे आहे. इस्राएलच्या १९५० च्या कायद्याने प्रत्येक ज्यू माणसास तेथे येऊन राहण्याचा हक्क दिला. त्यानुसार तेलाच्या घाण्याचा व्यवसाय असलेले, घरी मराठी बोलणारे आपले ‘शनिवार तेली’ तिकडे गेले. तथापि तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांच्या वेळी कुळाची चौकशी करण्याचा आदेश काढला. राहण्याचा हक्क होता, पण सोयरिकीस पात्र की नाही हा प्रश्न! बेने इस्राएलांनी चिकाटीने आंदोलन केले, आणि १९६४ साली तेथील संसदेने ते सर्व दृष्टींनी ज्यूच असल्याचे जाहीर केले. आपली मराठीही त्यांनी तेथे टिकविली. सोयरिकीत कुळ पाहणाऱ्या आपल्यासारख्या ज्ञातींनी या हकीगतीवर दोन क्षण विचार करावा.

आपल्या सरकारचा उंबरठा

१९६७ पर्यंत भारतात पारपत्र मिळणे ही सरकारची मर्जी होती. त्या वर्षी सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असे ठरविले, आणि लगोलग पारपत्राचा नवा कायदा झाला. जाण्याचा हक्क असा कायद्याच्या चौकटीत आला; प्रवेशाचा हक्क मात्र कोणत्याही न्यायालयाने परक्या देशात मिळवून दिलेला नाही.

१९८३ च्या कायद्यानुसार आखातासह काही ठरावीक देशांत नोकरीस जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसांस, त्यांची फसवणूक होऊ नये म्हणून, सरकारी तपासणीतून जावे लागते. दहावी उत्तीर्ण माणसास ती लागत नाही. माझ्यासारख्या मॅट्रिक शिक्षकाला याचे समाधान वाटते. ज्या दाखल्याला आज नोकरीच्या बाजारात कोणी विचारीत नाही, तो सीमेवर अजून माणसाची पत राखतो. ज्ञातीतील कोणत्याही मुलाने दहावीपूर्वी शाळा सोडू नये, याला हे आणखी एक कारण.

आजची स्थिती

आज अमेरिकेत नोकरीच्या मार्गाने कायम वास्तव्य मागणाऱ्यांत कोणत्याही एका देशाच्या लोकांना वर्षाच्या संख्येच्या सात टक्क्यांपेक्षा अधिक वाटा साधारणतः मिळत नाही. लहान देशालाही तोच नियम व भारतालाही तोच. त्यामुळे आपल्या मुलांची रांग वर्षानुवर्षे लांबते, आणि बापाची पाळी येण्यापूर्वी मुलाने एकविसावे वर्ष ओलांडले तर मुलास बहुधा आपली वाट निराळी शोधावी लागते. २०२५ च्या सप्टेंबरात तर नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार जाहीर झाला. विलायतेने २०१२ पासून वृद्ध आईवडिलांस कायमचे बोलावून घेण्याचा नियम इतका कडक केला आहे की, रोजच्या व्यवहारास दुसऱ्याचा हात लागतो आणि तशी शुश्रूषा मायदेशी पैसे देऊनही मिळत नाही, असे दोन्ही सिद्ध करावे लागते. मुलगा तेथे स्थिरावला म्हणजे आपण मागाहून जाऊ, असे म्हणणाऱ्या आईबापांनी हा नियम मुलाने विमानात पाय ठेवण्यापूर्वीच वाचावा. अमेरिकेत मात्र नागरिक झालेला सज्ञान मुलगा आईवडिलांना संख्येच्या मर्यादेशिवाय बोलावू शकतो. प्रत्येक देशाचा वाडा निराळा आणि उंबरठाही निराळा.

यास्तव काही व्यावहारिक गोष्टी सांगणे अप्रस्तुत होणार नाही. अर्जात एकही असत्य विधान करू नये. विलायतेत फसवणुकीबद्दल दहा वर्षांची बंदी येऊ शकते आणि अमेरिकेत तर जन्मभराची. मध्यस्थ ‘हे सर्वच लिहितात’ असे म्हणतो. परंतु अर्जाखाली सही त्याची नसते. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, विवाहनोंदणी व पारपत्र यांतील नावे एकसारखी आहेत ना, हे अर्जापूर्वी पाहावे. कोठे वडिलांचे नाव, कोठे नुसते आद्याक्षर, कोठे माहेरचे आडनाव, असा घोळ आपल्या घरोघरी आहे. जुनी पारपत्रे, नकाराची पत्रेसुद्धा, जपून ठेवावीत. पूर्वीचा नकार पुढील अर्जात सांगावा लागतो आणि लपविला तर मूळ कारणापेक्षा लपविणेच घातक ठरते.

उपसंहार

या साऱ्या इतिहासातून एकच निष्कर्ष निघतो. राहण्याची परवानगी ही माणसाच्या योग्यतेची पावती नव्हे. ज्या देशाला जेव्हा जशी माणसे हवी असतात, तेव्हा तसे दार उघडते. गरज किंवा मर्जी पालटली की मिटते. थिंड १९२३ साली नालायक आणि १९३६ साली लायक झाले नव्हते. कायदा बदलला होता. म्हणून व्हिसा मिळालेल्याने गर्व करू नये आणि न मिळालेल्याने खचून जाऊ नये.

आणि ज्ञातीनेही आपले कर्तव्य ओळखावे. एके काळी ज्ञातीने समुद्र ओलांडणाऱ्यास वाळीत टाकले. आज समुद्र न ओलांडलेल्या मुलास वधू-वर मेळाव्यात मागे सारले जाते, आणि नकार आलेल्याकडे कीवेने पाहिले जाते. हा जुन्याच दोषाचा नवा अवतार आहे. केवळ परदेशवासाच्या परवान्याकडे पाहून कोणी मुलगी देऊ नये. नोकरी सुटली तर जावयाचा परवानाही धोक्यात येतो, आणि त्याच्या आधारे गेलेल्या आपल्या कन्येचाही. मुलाचे शील, त्याची विद्या आणि त्याच्या घरची माणुसकी पाहावी. या गोष्टींना मुदत नसते. ज्यांची मुले दूर आहेत अशा वृद्ध दांपत्यांची वास्तपुस्त जवळ राहणाऱ्या ज्ञातिबांधवांनी आठवड्यातून एकदा तरी करावी. त्यासाठी कोणत्याही सरकारचा परवाना लागत नाही.

जे जात आहेत त्यांना सुखरूप प्रवास लाभो, जे राहिले आहेत त्यांचे येथेच कल्याण होवो, आणि दोघांनाही एकमेकांच्या घरी विनापरवाना प्रवेश राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.